एक्स्प्लेनर : ७८ वर्षांचे जेआरडी जुनं विमान घेऊन कराचीहून एकटेच जुहूला का आले?

१५ ऑक्टोबर १९८२. कराचीहून निघालेलं एका इंजिनाचं छोटं विमान अहमदाबादला थांबून मुंबईत जुहूला उतरलं. आत एकच माणूस होता, ७८ वर्षांचे जेआरडी टाटा. विमानाची बनावट १९३३ची. ही गोष्ट बहुतेक वेळा म्हाताऱ्या उद्योगपतीची हौस म्हणून सांगितली जाते. पण त्याआधीची चार वर्षं पाहिली, तर प्रकरण एवढं साधं नव्हतं.

५० वर्षांपूर्वी काय झालं होतं?

जेआरडींचा जन्म १९०४चा, पॅरिसचा. मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि ते तिथे शिकायला गेले. पावणेचार तासांच्या शिकवणीनंतर त्यांनी एकट्याने विमान उडवलं. फेब्रुवारी १९२९मध्ये मिळालेला त्यांचा वैमानिक परवाना भारतात दिलेला पहिला.

पुढच्याच वर्षी भारत आणि इंग्लंड यांच्यात एकट्याने उड्डाण करण्याची आगा खान स्पर्धा होती. जेआरडी कराचीहून निघाले, तर अॅस्पी इंजिनियर हा तरुण इंग्लंडहून येत होता. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. अॅस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याकडचा जादा प्लग त्याला दिला आणि स्पर्धा अॅस्पीने जिंकली. हाच अॅस्पी १९६०मध्ये भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडी टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून निघाले. विमान होतं पुस मॉथ. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी दोनच्या आत ते जुहूला पोहोचले. तिथून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंतचं टपाल त्यांचे सहकारी नेव्हिल विन्सेंट घेऊन गेले. जुहू तेव्हा नुसतं मैदान होतं. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई आणि कंपनी आपला बाडबिस्तरा पुण्याला हलवी.

सिंधुदुर्गाशी याचा संबंध आहे. २९ ऑक्टोबर १९३५ला टाटांनी मुंबई–गोवा–कन्नूर–तिरुवनंतपुरम ही सेवा सुरू केली. मुंबईहून गोव्याला जायचं तर देवगड, आचरा, मालवण हा किनारा वाटेतलाच. चिपीला विमानतळ सुरू झाला ऑक्टोबर २०२१मध्ये, म्हणजे ८६ वर्षांनी.

मग बिनसलं कुठे?

१९४६मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. महायुद्धातून उरलेली लष्करी डकोटा विमानं घेऊन तिने विस्तार केला. १९५३मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली, पण अध्यक्ष जेआरडीच राहिले. १ जानेवारी १९७८ला एअर इंडियाचं ‘एम्परर अशोक’ हे जम्बो मुंबईजवळ समुद्रात कोसळलं आणि २१३ जणांचा जीव गेला. पुढच्याच महिन्यात मोरारजी देसाई सरकारने जेआरडींना पदावरून दूर केलं. ही बातमी त्यांना सरकारकडून नव्हे, तर त्यांच्या जागी नेमलेल्या पी. सी. लाल यांच्याकडून कळली. ४५ वर्षं जोपासलेल्या कामाचा शेवट असा व्हावा, हे आजही खटकतं. १९८०मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांना संचालक मंडळावर परत घेतलं, पण अध्यक्षपद काही परत मिळालं नाही.

कंपनीतला उत्साह ओसरतोय, ही खंत त्यांना होती. सुरुवातीच्या काळातली जिद्द नव्या लोकांना दिसावी म्हणून त्यांनी हे उड्डाण ठरवलं. भाषण देऊनही चाललं असतं. त्यांनी विमान काढलं.

विमान तेच होतं का?

नाही, आणि इथे अनेकांची गल्लत होते. १९३२चं पुस मॉथ होतं. १९६२ आणि १९८२च्या स्मरण-उड्डाणांत लेपर्ड मॉथ होतं. दोन्ही डी हॅविलंड कंपनीचीच आणि दिसायलाही सारखी. पण पुस मॉथचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, तर लेपर्ड मॉथचं धड प्लायवूडचं.

असं विमान उडतं ठेवणं म्हणजे काय, हे ज्याच्या दारात लाकडी होडी आहे त्याला लगेच कळेल. बाहेरून रंग चकचकीत दिसतो, पण ओल आत जोडात शिरलेली असते. त्या काळचा डिंक दुधातल्या केसिनपासून बनवायचे; दमट हवेत तो सुटतो. म्हणून कापड काढून एकेक जोड तपासावा लागतो. त्यामानाने इंजिन सोपं. चार सिलिंडर, हवेने थंड होणारं, ठिणगीसाठी मॅग्नेटो, म्हणजे बॅटरी मेली तरी ते चालू राहतं. (इंजिनियरिंगला असं इंजिन आम्हाला फक्त आकृतीत भेटलं.)

जुनी विमानं अशी जपून उडवणारे जगभर आहेत. कॅनडात हॅमिल्टनच्या संग्रहालयाकडे महायुद्धातलं लँकेस्टर बॉम्बर आहे. उडू शकणारी लँकेस्टर आता जगात दोनच उरलीत. भारतीय हवाई दलानेही २०१२मध्ये एक टायगर मॉथ पुन्हा आकाशात नेलं. तेही डी हॅविलंडचंच.

१९६२ आणि १९८२च्या उड्डाणांमध्ये मात्र पाकिस्तानशी दोन युद्धं होऊन गेली होती. १९३२मध्ये जो एका देशातला प्रवास होता, त्यासाठी आता शेजाऱ्याची परवानगी लागत होती. ती मिळाली.

जेआरडींना १९९२मध्ये भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ला जिनिव्हात त्यांचं निधन झालं. एअर इंडिया टाटांकडे परत आली ती जानेवारी २०२२मध्ये.