नंबर वाटणारा माणूस : जॉन पोस्टेल

जुन्या पीसीवर लिनक्स टाकायचं, अपाची चालू करायचं आणि शेजारच्या विंगमधल्या दोस्ताला १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता सांगायचा. त्याच्या ब्राउझरमध्ये पान उघडलं की झाला आपल्या पीसीचा सर्व्हर! कंपनीचं लायसन्स नको, सरकारी परवाना नको. रेक्टर सरांचं काय ते तेवढं बघा.

हे इतकं सोपं कसं? कारण सर्व्हर ही मशीनची वेगळी जात नाही. ठरलेल्या पोर्ट नंबरवर कान देऊन बसलेला प्रोग्रॅम ज्या मशीनवर आहे, ते मशीन सर्व्हर. वेबसाठी ८०, मेलसाठी २५, फाइल ट्रान्सफरसाठी २१. हे नंबर ठरलेले राहावेत, दोघांना एकच नंबर जाऊ नये, म्हणून एक माणूस जवळजवळ तीस वर्षं यादी सांभाळत होता. तो म्हणजे जॉन पोस्टेल.

पोस्टेलचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, कॅलिफोर्नियातल्या अल्टाडीनाचा. १९६६ मध्ये त्याने यूसीएलएमधून इंजिनिअरिंगची डिग्री घेतली आणि पुढे तिथेच पीएचडी केली (१९७४). १९६९ मध्ये यूसीएलए हे अर्पानेटचं पहिलं केंद्र झालं. नेटवर्कचे नियम लिहायला बसली ती बहुतेक आपल्यासारखी विद्यार्थी मंडळी! स्टीव्ह क्रॉकरने आरएफसी नावाच्या टिपणांची मालिका सुरू केली, आणि ती तपासून, नंबर देऊन सगळ्यांना पोचवायचं काम पोस्टेलकडे आलं. कुठला नंबर कुणाला दिला याची नोंदही त्याच्याकडेच. सुरुवातीला ही यादी चक्क कागदावर होती. नंतर याच कामाला आयाना हे भारदस्त नाव मिळालं.

दाढी वाढवलेला, पायात सँडल, सुट्टी मिळाली की पाठीला सॅक लावून डोंगरात. पण कामात मात्र काटेकोर. १९७७ मध्ये तो मरिना डेल रे इथल्या आयएसआय या संस्थेत गेला. आयपी आणि टीसीपीचे १९८१ चे आरएफसी त्यानेच संपादित केले. मेल पाठवायचा एसएमटीपी त्याने १९८२ मध्ये लिहिला, तर एफटीपीचा १९८५ चा आरएफसी जॉयस रेनॉल्ड्सबरोबर. आपण पाठवताना नियम कडक पाळावेत, दुसऱ्याचं घेताना जरा सांभाळून घ्यावं, हे त्याचं सूत्र आजही शिकवलं जातं. आरएफसी कुणालाही फुकट वाचता येतात. नियम सर्वांसाठी उघडे, म्हणूनच लाखाचा सर्व्हर आणि आपला जुना पीसी एकच भाषा बोलतात.

पण सगळी सूत्रं एकाच माणसाच्या हाती असावीत का? हा प्रश्न १९९८ मध्ये ऐरणीवर आला. तोवर डोमेन नावांचा मोठा धंदा झाला होता. मूळ यादी नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीच्या सर्व्हरवर असे, आणि बाकीचे रूट सर्व्हर तिथून ती उचलत. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेलने आठ रूट सर्व्हर चालवणाऱ्यांना मेल केला, की यापुढे यादी माझ्याकडच्या मशीनवरून घ्या. आणि त्यांनी घेतली! ना हुकूम, ना सही-शिक्का. होता तो फक्त विश्वास. नेट कुठे बंद पडलं नाही, पण वॉशिंग्टनमध्ये खळबळ उडाली. क्लिंटन सरकारचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी बदल मागे घ्यायला लावला. पोस्टेलने ती चाचणी असल्याचं सांगितलं आणि सगळं पूर्ववत केलं. चाचणी की सरकारला इशारा, यावर आजही वाद होतात.

यातून एक गोष्ट मात्र स्पष्ट झाली. एका भल्या माणसाच्या भरवशावर जग फार दिवस चालवता येत नाही. ३० सप्टेंबर १९९८ रोजी हे काम सांभाळायला आयकॅन ही संस्था स्थापन झाली. पोस्टेलला ती चालताना बघायला मिळाली नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत होऊन १६ ऑक्टोबर १९९८ रोजी तो गेला. वय अवघं ५५. मित्र व्हिंट सर्फने त्याच्यावरचा मृत्युलेखही आरएफसी म्हणूनच काढला, नंबर २४६८.

लिनक्सच्या ईटीसी फोल्डरमध्ये सर्व्हिसेस नावाची फाइल असते. कधीतरी उघडून बघा. नाव आणि नंबर, नाव आणि नंबर, अशा ओळीच ओळी. पोस्टेलच्या यादीचीच ती वारसदार. आपल्याला वाटतं, की नेट म्हणजे केबल आणि स्विच. त्याच्या मागे कुणीतरी रोज मन लावून केलेलं कारकुनी कामही आहे, हे आपण इंजिनिअर मंडळींनी विसरू नये.