बर्थाबाईंची पिन

मंडळी, जुनी गाडी पाळणं म्हणजे घरात एक लाडावलेले आजोबा सांभाळणं. कधी रुसतील, सांगता येत नाही. आमच्याकडे साठच्या दशकातली एक गाडी आहे. इथे दक्षिण जर्मनीत उन्हाळा आला की मी आणि माझी बायको तिला फिरायला काढतो. मी गाडी चालवणार आणि बायको नकाशा धरणार, अशी कामाची वाटणी. बॉनेट उघडलं की तो माझा प्रांत!

गेल्या उन्हाळ्यात आम्ही मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघालो. हा साधासुधा रस्ता नाही. २००८ पासून याच वाटेला बर्था बेंझ यांचं नाव आहे. त्यांच्याबद्दल मला एवढंच माहीत होतं, की कार्ल बेंझची बायको गाडी घेऊन माहेरी गेली होती. नंतर वाचलं, तेव्हा माझीच मला लाज वाटली.

बर्था रिंगर यांचा जन्म ३ मे १८४९ चा, फोर्त्सहाइमचा. कार्लशी लग्न ठरलं तेव्हा त्याचा कारखाना भागीदाराच्या कटकटीत अडकला होता. बर्थाने लग्नात मिळायची रक्कम घरून आधीच मागून घेतली आणि त्यातून भागीदाराचा हिस्सा सोडवला. लग्न झालं १८७२ साली. पुढची वर्षं ओढाताणीचीच होती. १८७९ च्या ३१ डिसेंबरला, जेवणं उरकल्यावर, चला, इंजिन पुन्हा एकदा चालवून बघू, असा आग्रह तिनेच धरला. दोघं कारखान्यात गेले आणि इतके दिवस हुलकावणी देणारं ते टू-स्ट्रोक इंजिन त्या रात्री सुरू झालं. पुढे तीन चाकांची मोटार तयार झाली. २९ जानेवारी १८८६ ला पेटंटचा अर्ज गेला.

मोटार झाली, पण घेणार कोण? लोक हसत होते आणि कार्ल अजून सुधारणाच करत बसला होता. ऑगस्ट १८८८ मध्ये एका पहाटे नवऱ्याला न सांगता बर्थाने मोटार बाहेर काढली. सोबत दोन मुलं, १५ वर्षांचा ऑयगेन आणि १३ वर्षांचा रिचर्ड. कारण काय, तर आईला भेटायचंय. माहेर सुमारे १०० किलोमीटर लांब! तोवर मोटारीने एवढा लांबचा प्रवास कुणीच केला नव्हता.

वाटेत काय काय नाही झालं! पेट्रोल पंप हा शब्दही जन्माला यायचा होता. इंधन म्हणून लिग्रोइन लागायचं, म्हणजे डाग काढायचं एक पातळ तेल. ते औषधाच्या दुकानात मिळे. वीसलोखच्या दुकानातून तिने ते घेतलं. इंजिन थंड ठेवणारं पाणी वाफ होऊन उडून जायचं, त्यामुळे वाटेत मिळेल तिथे पाणी भरायचं. आपल्याकडे पूर्वी खंबाटकी घाटात गाड्या बॉनेट उघडून उभ्या असायच्या ना, अगदी तसंच. चढावर इंजिनाचा जीव पुरेना, तेव्हा उतरून ढकलायचं. सैल झालेली चेन ब्रुखझालच्या लोहाराने नीट केली. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तर त्यांना एका मोच्याकडून चामडं लावून घेतलं.

पण मला खरं कौतुक आहे ते इंजिनाच्या दोन दुखण्यांचं. इंधनाच्या नळीत कचरा अडकला, तेव्हा तिने टोपीची लांब पिन काढून नळी मोकळी केली. दुसऱ्यांदा ठिणगीच पडेना. वायरवरचं वेष्टण घासून निघालं, की करंट ठिणगीपर्यंत पोचायच्या आधीच गाडीच्या लोखंडात उतरतो. तिने पायमोज्याचा पट्टा काढून त्या वायरीला गुंडाळला आणि पुढे निघाली.

जुन्या गाडीची नाडी ज्यांनी धरली आहे त्यांना हे दोन आजार चांगले माहीत असतील. इंजिन आचके देत, खोकत, हळूहळू बंद पडलं तर आधी पेट्रोलकडे बघा. दिवा मालवावा तसं एकदम बंद पडलं तर आधी करंटकडे बघा. हे दोन वेगळे ओळखता आले की अर्धं काम झालं. बर्थाला ते ओळखता आले, कारण ती मोटार तिच्या डोळ्यांसमोर, तिच्याच पैशांतून घडली होती.

संध्याकाळी माहेरी पोचल्यावर तिने नवऱ्याला तार केली. काही दिवसांनी त्याच मोटारीतून परत आली. तिच्या अनुभवावरून कार्लने चढासाठी आणखी एक गिअर बसवला. रस्त्यावर घेतलेली ही मोटारीची पहिली मोठी परीक्षा होती आणि ती घेणारी ही बाई होती.

आता आमची गोष्ट. वीसलोखच्या पुढे एका चढावर आमची गाडी बंद पडली. मी लगेच कार्ब्युरेटर उघडला. तासभर घाम गाळला, हात काळे केले, काही उपयोग नाही. बायको दोनदा काही सांगायला आली, मी दोन्ही वेळा हातानेच थांब म्हटलं. तिसऱ्यांदा तिने सरळ सांगितलं, की गाडीने एकही आचका दिला नव्हता, एकदम गप्प झाली. मग कॉइलकडे पाहिलं. वायर टोकाशी सैल होऊन लोंबत होती. पाच मिनिटांत गाडी सुरू! ज्या बाईच्या नावाच्या रस्त्यावर उभा होतो, तिथेच मी शेजारच्या बाईचं ऐकत नव्हतो.

कार्ल १९२९ मध्ये गेला. बर्था लाडेनबुर्गमध्ये ९५ वर्षांची होईपर्यंत जगली. कार्ल जिथे शिकला त्या कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यापीठाने तिला मानद सिनेटर केलं, तेही तिच्या ९५ व्या वाढदिवशी, ३ मे १९४४ ला. दोनच दिवसांनी, ५ मे रोजी, ती गेली. मोटारीच्या प्रवासानंतर तब्बल ५५ वर्षांनी!

तेव्हा मंडळी, गाडी बंद पडली तर बॉनेट उघडण्याआधी शेजारी बसलेल्या माणसाला विचारा, बंद पडताना आवाज कसा आला? आमच्या गाडीत आता कामाची वाटणी बदलली आहे. परतीच्या वाटेवर स्टिअरिंग बायकोकडे होतं आणि नकाशा माझ्याकडे. दोनदा रस्ता चुकलो, पण गाडी एकदाही थांबली नाही.