टेरी फॉक्स : एका पायाचा धांवपटु

धांवण्याची शर्यत म्हटली कीं पहिला कोण आला, हें आपण आधीं विचारतों. ज्या तरुणाची हकीकत आम्ही आज वाचकांस सादर करीत आहों, तो आपल्या आयुष्यांतील एका शर्यतींत सर्वांच्या शेवटीं आला. आणि त्यानंतर जी मोठी दौड त्यानें आरंभिली, ती तर त्याच्या हातून पुरीही झाली नाहीं. तरीही आज अनेक देशांत दरवर्षीं असंख्य माणसें त्याच्या नांवानें धांवतात, आणि त्या धांवण्यांतून जमणारें द्रव्य कर्करोगाच्या संशोधनास जातें. टेरी फॉक्स हें त्याचें नांव. तो जेमतेम बावीस वर्षें अकरा महिने जगला.

टेरीचा जन्म कॅनडांतील विनिपेग शहरीं 28 जुलै 1958 रोजीं झाला. त्याचे वडील रोलंड हे रेल्वेंत सांधेवाल्याचें काम करीत. आईचें नांव बेटी. चार भावंडांत टेरी दुसरा. पुढें हें कुटुंब पश्चिमेकडील ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत आलें व 1968 पासून पोर्ट कोक्विटलम या गांवीं स्थिरावलें.

शाळेंत असतां त्याला बास्केटबॉलचें विलक्षण वेड होतें. परंतु त्या खेळास जी उंची लागते तीच नेमकी त्याच्याजवळ नव्हती. आठव्या इयत्तेंत तो अवघा पांच फूट उंच होता. संघांत तो सर्वांत कच्चा गडी. साऱ्या हंगामांत त्याला मैदानांत उतरावयास मिळालें तें क्षणभरच. त्याच्या शिक्षकांनीं त्याला लांब पल्ल्याचें धांवणें शिकावें असें सुचविलें. धांवण्याची त्याला मुळींच आवड नव्हती. तथापि गुरूंविषयींच्या आदरामुळें त्यानें तें स्वीकारलें, आणि बास्केटबॉलचा सरावही सोडला नाहीं. डग ऑलवर्ड नांवाचा त्याचा जिवलग मित्र या सरावांत त्याचा सोबती असे. शाळेच्या शेवटच्या वर्षीं उत्कृष्ट खेळाडूचें पारितोषिक या दोघां मित्रांत विभागून देण्यांत आलें. खेळाच्या तासाला बांकावर बसून राहणारे विद्यार्थी प्रत्येक शाळेंत असतात. त्यांच्या मनांतील खंत आम्हांस ठाऊक आहे, म्हणून या गोष्टीचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला.

पुढें तो सायमन फ्रेझर विद्यापीठांत गेला. व्यायामशिक्षक व्हावें असा त्याचा मनोदय होता. नोव्हेंबर 1976 मध्यें त्याच्या मोटारीस अपघात झाला. गाडीचा चुराडा झाला, पण टेरीचा केवळ उजवा गुडघा दुखावला. तें दुखणें जाईना. खेळाचा हंगाम संपेपर्यंत त्यानें तें अंगावर काढलें. आणि मार्च 1977 मध्यें वैद्यांनीं तपासलें तेव्हां निष्पन्न झालें, कीं हाडाचा कर्करोग झाला असून पाय कापल्यावांचून गत्यंतर नाहीं. त्या वेळीं त्याचें वय अठरा वर्षांचें होतें. अपघातानेंच हा रोग जडला असें पुढें टेरीस वाटे. वैद्यांचें मत तसें नव्हतें.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीं त्याच्या जुन्या क्रीडाशिक्षकांनीं त्याला एक मासिक आणून दिलें. त्यांत डिक ट्रॉम नांवाच्या गृहस्थाची हकीकत होती. एक पाय गमावलेला हा मनुष्य न्यूयॉर्कची मॅरेथॉन शर्यत पुरी धांवला होता. दुसऱ्या दिवशीं टेरीचा उजवा पाय गुडघ्याच्या वर सहा इंचांवर कापण्यांत आला.

यापुढील सोळा महिने त्याच्या चरित्रांतील सर्वांत महत्त्वाचे होत, असें आम्हांस वाटतें. या काळांत त्याच्यावर तीव्र औषधांचे उपचार चालूं होते. केंस गळाले, ओकाऱ्या होत. परंतु स्वतःच्या क्लेशांपेक्षां त्याच्या मनावर खोल परिणाम झाला तो शेजारच्या खाटांवरील रुग्णांचा. त्यांत लहान मुलें होतीं, त्याच्याच वयाचे तरुण होते. आज हंसतांना पाहिलेला चेहरा कांहीं दिवसांनीं दिसेनासा होई. अशांतच त्याला एक गोष्ट समजली. त्याच्या रोगांतून वांचण्याची आशा थोड्याच वर्षांपूर्वीं फार अल्प होती. आतां ती निम्म्याहून अधिक झाली होती, आणि हा फरक पडला होता तो संशोधनानें. संशोधनास पैसा लागतो, आणि तो पुरेसा मिळत नव्हता. आपण ज्या औषधानें जगलों, तें कोणीतरी दिलेल्या पैशांतून निर्माण झालें. तेव्हां आपल्यावर ऋण आहे, अशी त्याच्या मनानें खूणगांठ बांधली. आदल्या रात्रीं वाचलेल्या त्या हकीकतीस आतां हेतु लाभला.

बरा होतां होतां तो चाकांच्या खुर्चींत बसून बास्केटबॉल खेळूं लागला. रिक हॅन्सेन यानें त्याला संघांत बोलाविलें होतें. 1979 च्या आरंभीं त्यानें धांवण्याचा सराव सुरू केला. घरीं त्यानें एवढेंच सांगितलें, कीं मॅरेथॉन शर्यतींत भाग घ्यावयाचा आहे. खरा बेत ठाऊक होता तो डगला.

कृत्रिम पायानें धांवणें म्हणजे काय, हें येथें थोडें सांगितलें पाहिजे. त्या काळचे कृत्रिम पाय चालण्यासाठीं केलेले असत, धांवण्यासाठीं नव्हे. पोलादी पाय मागून पुढें येण्यास वेळ लागे. तोंपर्यंत शरीराचा तोल सांवरण्यासाठीं टेरीला डाव्या पायानें एक जादा उडी घ्यावी लागे. म्हणजे उजव्याचें एक पाऊल, आणि डाव्याचीं दोन. अशी त्याची लंगडी, उसळती चाल होती. ज्यांनीं ती चित्रपटांत पाहिली आहे, त्यांस ती विसरतां येत नाहीं. मांडीचा उरलेला भाग कृत्रिम पायाच्या खोबणीत घांसून सोलवटे, फोड येत, रक्त वाही. पहिलीं कांहीं मिनिटें वेदना असह्य असत. त्यानंतर त्यांची धार बोथट होई, असा त्याचा अनुभव होता. सरावांत तो एकंदर पांच हजार किलोमीटरांहून अधिक धांवला. नाताळच्या दिवशीं मात्र आईच्या आग्रहाखातर त्यानें विश्रांति घेतली.

त्याच वर्षीं प्रिन्स जॉर्ज या गांवीं सतरा मैलांची शर्यत झाली. वर म्हटलेली शर्यत ती हीच. त्याच्या पुढचा धांवपटु पोंचल्यावर दहा मिनिटांनीं टेरी आला, आणि त्याला पाहून इतर स्पर्धकांच्या डोळ्यांस पाणी आलें. मग त्यानें आपला बेत आईवडिलांपुढें मांडला. कॅनडाच्या पूर्व समुद्रापासून पश्चिम समुद्रापर्यंत सुमारें आठ हजार किलोमीटर धांवत जावयाचें, रोज जवळजवळ एक मॅरेथॉन, आणि वाटेंत कर्करोग-संशोधनासाठीं निधि जमवावयाचा. आईनें प्रथम विरोध केला. कोणती आई करणार नाहीं? पुढें तीच त्याचा मोठा आधार झाली.

ऑक्टोबर 1979 मध्यें त्यानें कॅनडाच्या कर्करोग-निवारण संस्थेस पत्र लिहून साहाय्य मागितलें. संस्थेस हा मनोराज्याचा प्रकार वाटला असल्यास नवल नाहीं. आधीं वैद्याचा दाखला आणावा व कोणी आश्रयदाते मिळवावे, असें त्याला सांगण्यांत आलें. तपासणींत त्याचें हृदय वाढलेलें आढळलें. त्रास होऊं लागल्यास थांबेन अशा अटीवर त्याला संमति मिळाली. फोर्ड कंपनीनें एक राहण्याजोगी मोटार दिली, दुसऱ्या एका कंपनीनें तेल, तिसरीनें बूट दिले. मात्र आपल्या मालाची जाहिरात करावी असें ज्यांनीं सुचविलें, त्यांना त्यानें साफ नकार दिला. या दौडींतून एक पैही स्वतःसाठीं घ्यावयाची नाहीं, हा त्याचा नियम शेवटपर्यंत टिकला.

12 एप्रिल 1980 रोजीं न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथें त्यानें कृत्रिम पाय अटलांटिक महासागरांत बुडविला. समुद्राचें पाणी दोन बाटल्यांत भरून घेतलें. एक स्वतःजवळ ठेवावयाची, आणि दुसरी व्हिक्टोरिया येथें पॅसिफिक महासागरांत ओतावयाची, असा संकल्प होता. डग मोटार हांकीत होता. पहिल्या दिवसांतच वादळी वारा, पाऊस व हिम यांनीं गांठलें. पुष्कळ ठिकाणीं लोकांना त्याच्या येण्याची वार्ताही नसे. पण पोर्ट ओ बास्क या सुमारें दहा हजार वस्तीच्या गांवानें दहा हजार डॉलरांहून अधिक निधि दिला. माणशीं एक डॉलर! हा हिशेब टेरीच्या मनांत ठसला. कॅनडाची लोकसंख्या त्या वेळीं सुमारें 2 कोटी 40 लक्ष होती. प्रत्येकानें एक एक डॉलर द्यावा, हें त्याचें पुढें ध्येय झालें.

थोर पुरुषांच्या चरित्रांत त्यांचे दोष झांकण्याची जी रीत आहे, ती आम्हांस मान्य नाहीं. टेरी तापट व हट्टी होता. रात्रंदिवस एका लहानशा मोटारींत राहून त्याचें व डगचें इतकें बिनसलें, कीं ते एकमेकांशीं बोलतनासे झाले. अखेर आईवडिलांना हॅलिफॅक्स येथें येऊन समेट करावा लागला, आणि पुढें धाकटा भाऊ डॅरेल हाही सोबतीस आला. वैद्यांकडे जावयासही तो तयार नसे. भोंवळ आली तरी थोडा वेळ पडून राही व पुन्हां धांवूं लागे. त्यानें हें करावयास नको होतें, असें आज म्हणणें सोपें आहे. कदाचित् तें खरेंही असेल.

क्वेबेक प्रांतांत फ्रेंच भाषा चालते, आणि ती या मंडळींस येत नव्हती. तेथें निधि फार थोडा जमला. वाहनें त्याला रस्त्याच्या कडेला दाबीत. 22 जून रोजीं तो मॉन्ट्रियल येथें पोंचला तेव्हां एक-तृतीयांश वाट संपली होती, आणि जमले होते सुमारें दोन लक्ष डॉलर. येथें इसाडोर शार्प या मोठ्या हॉटेलमालकाचें साहाय्य लाभलें. त्यांचा तरुण मुलगा कर्करोगानेंच गेला होता. त्यांनीं राहण्याजेवण्याची सोय केली, दर मैलास दोन डॉलर देऊं केले, आणि इतर शेंकडों कंपन्यांसही तसें करण्याचें आवाहन केलें.

ऑन्टॅरिओ प्रांतांत मात्र चित्र पालटलें. राजधानी ओटावा येथें पंतप्रधान पिएर ट्रूडो यांची भेट झाली. 11 जुलै रोजीं टोरोंटोंतील चौकांत दहा हजार लोक जमले व त्या एका दिवशीं एक लक्ष डॉलर गोळा झाले. तथापि या सर्व मानसन्मानांपेक्षां त्याच्या मनास भिडली ती एका दहा वर्षांच्या मुलाची भेट. त्या मुलाचाही पाय याच रोगानें गेला होता, आणि तो सायकलीवर बसून सहा मैल टेरीच्या मागोमाग आला.

ऑगस्ट अखेरीस तो फार थकूं लागला. 1 सप्टेंबर रोजीं थंडर बे शहराजवळ धांवत असतां त्याला खोकल्याची उबळ आली आणि छातींत कळा येऊं लागल्या. रस्त्याच्या दोहों बाजूंस लोक उभे राहून त्याला उत्तेजन देत होते. त्यांच्यादेखत थांबणें त्याच्यानें होईना. तो तसाच धांवत राहिला. लोक संपले, रस्ता मोकळा झाला, तेव्हांच तो मोटारींत चढला, आणि डगला त्यानें रुग्णालयाकडे गाडी घेण्यास सांगितलें. रोग दोन्ही फुप्फुसांत पसरला होता. 143 दिवसांत तो 5,373 किलोमीटर धांवला होता. मुंबईहून नागपुरास तीन वेळां जाऊन तीन वेळां परत यावें, तरी हें अंतर भरत नाहीं.

त्याच्या जागीं उरलेली वाट आम्ही धांवतों, असें सांगणारे पुष्कळ निघाले. त्यानें तें मान्य केलें नाहीं. बरें होऊन आपण स्वतःच ती पुरी करूं, अशी त्याची उमेद होती. त्या दिवसापर्यंत 17 लक्ष डॉलर जमले होते. पुढच्याच आठवड्यांत दूरचित्रवाणीवर निधीसाठीं पांच तासांचा कार्यक्रम झाला, आणि त्यांत 1 कोटी 5 लक्ष डॉलर आले. फेब्रुवारी 1981 मध्यें निधीचा आंकडा 2 कोटी 41 लक्षांवर गेला. माणशीं एक डॉलर, हा हिशेब टेरीनें आपल्या डोळ्यांनीं पुरा झालेला पाहिला.

28 जून 1981 रोजीं पहांटे न्यू वेस्टमिन्स्टर येथील रुग्णालयांत, आप्तांच्या सान्निध्यांत, त्याचा अंत झाला. साऱ्या देशांत ध्वज अर्ध्यावर उतरविण्यांत आले. हा मान एरव्हीं राज्यधुरंधरांस मिळतो.

त्याच्या आजारपणांतच शार्प यांनीं त्याला कळविलें होतें, कीं दरवर्षीं त्याच्या नांवानें एक दौड भरवावी. त्याला ही कल्पना रुचली. परंतु त्या दौडींत चढाओढ नसावी, कोणी पहिला-दुसरा ठरूं नये, चालणाऱ्यांस, सायकलीवर येणाऱ्यांस, चाकांच्या खुर्चींत बसणाऱ्यांसही तेथें जागा असावी, असें ठरलें. पहिली दौड 13 सप्टेंबर 1981 रोजीं झाली; तींत तीन लक्ष लोक सामील झाले व 35 लक्ष डॉलर मिळाले. त्यानंतर ती देशोदेशीं पसरली. आपल्या मुंबईंतही ती झाली आहे. आजवर या दौडींतून व तदनुषंगिक प्रयत्नांतून जमलेली रक्कम 85 कोटि कॅनेडियन डॉलरांच्या वर गेली आहे. टेरीस जो रोग झाला होता, त्यांत आज पुष्कळ रुग्णांचा पाय कापावा लागत नाहीं. रोगट हाड तेवढें काढून पाय वांचवितां येतो.

त्याच्या आईनें पुढें शाळाशाळांतून फिरून मुलांस ही हकीकत सांगितली. 2011 सालीं ती निवर्तली. थंडर बे जवळ, जेथें तो थांबला त्या महामार्गानजीक, त्याचा कांस्याचा पुतळा उभा आहे. त्याचें तोंड पश्चिमेस, घराच्या दिशेनें आहे.