न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी : टिळकांना जामीन देणारे, अंजुमन उभारणारे

सीएसएमटी स्टेशनातून बाहेर पडलं की समोर अंजुमन-ए-इस्लामची जुनी दगडी इमारत दिसते. आपल्या कितीतरी घरांतली मुलं तिथे शिकली, आज त्यांची नातवंडंही शिकत आहेत. पण ही संस्था उभी करणाऱ्यांपैकी बद्रुद्दीन तय्यबजी कोण होते, असं घरात विचारून बघा. नाव ऐकलेलं असतं, पुढे फारसं कुणाला सांगता येत नाही. १९ ऑगस्टला त्यांची पुण्यतिथी असते. त्यांची ओळख नव्या पिढीला व्हावी म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. वडील मुल्ला तय्यब अली हे मूळचे खंभातचे, सुलेमानी बोहरा जमातीतले व्यापारी. त्या काळी इंग्रजी शिकलं की दीन हातचा जातो, असं बरेच लोक मानत. मुल्ला तय्यब अलींनी मात्र सातही मुलांना शिकायला युरोपात पाठवलं. थोरले कमरुद्दीन इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ.

बद्रुद्दीन यांची सुरुवात मदरशातल्या उर्दू-फारसीने झाली. मग एल्फिन्स्टन, आणि सोळाव्या वर्षी इंग्लंड. शिकत असतानाच डोळ्यांनी दगा दिला. शिक्षण अर्धवट टाकून त्यांना १८६४ साली मुंबईला परतावं लागलं. दुसरा कुणी असता तर वडिलांच्या पेढीवर बसला असता. बद्रुद्दीन पुन्हा गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर होऊनच आले. मुंबई हायकोर्टात वकिली करणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर.

अंजुमनची पायाभरणी

वकिलीत जम बसताच ते मुंबई महापालिकेत गेले, पुढे विद्यापीठाच्या सिनेटवर आणि कायदेमंडळातही गेले. फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि तय्यबजी ही तिघांची जोडगोळी त्या काळी मुंबईचा आवाज मानली जाई. एक पारशी, एक हिंदू, एक मुसलमान. १८८५ साली या तिघांनी मिळून बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली.

पण त्यांच्या मनातली खरी काळजी आपल्या मुलांच्या तालमीची होती. सरकारी शाळांत मुसलमान मुलं बोटांवर मोजण्याइतकी होती. कमरुद्दीन, बद्रुद्दीन आणि त्यांच्या साथीदारांनी १८७४ च्या सुमारास अंजुमनची सुरुवात केली. कमरुद्दीन यांच्या निधनानंतर १८९० पासून बद्रुद्दीन अध्यक्ष झाले. आज आपण पाहतो ती इमारत त्यांच्याच काळात उभी राहिली.

मुलींच्या शिक्षणाबद्दल ते फक्त भाषणं देऊन थांबले नाहीत. स्वतःच्या मुलींना त्यांनी शिकवलं, काहींना इंग्लंडलाही पाठवलं. १९०३ साली मुंबईत मोहमेडन एज्युकेशनल कॉन्फरन्स भरली तेव्हा ते अध्यक्ष होते. मुलींना घरात कोंडून ठेवणारा कडक पडदा इस्लामने सांगितलेला नाही, असं त्यांनी तिथे उघडपणे मांडलं. अनेकांना ते रुचलं नाही. पण त्यांनी ते मागे घेतलं नाही.

काँग्रेस आणि कौम

१८८७ साली मद्रासच्या अधिवेशनात ते काँग्रेसचे तिसरे आणि पहिले मुस्लिम अध्यक्ष झाले. सर सय्यद अहमद खान यांचा काँग्रेसला विरोध होता. दोघांमध्ये पत्रव्यवहार झाला, मतभेद मिटले नाहीत, पण तो सगळा वाद अदब राखून झाला. एखाद्या ठरावाला मुसलमान किंवा हिंदू प्रतिनिधींचा एकमुखाने विरोध असेल, तर तो विषय चर्चेलाच घेऊ नये, असा नियम त्यांनी सुचवला आणि काँग्रेसने १८८८ साली तो मान्य केला. मुसलमानांचा विरोध वाढतोय हे दिसल्यावर काँग्रेसची अधिवेशनं काही वर्षं थांबवावीत, असंही त्यांनी ह्यूम यांना कळवलं. ते काही झालं नाही. देशकार्यात मागे राहायचं नाही आणि कौमलाही एकटं सोडायचं नाही, ही ओढाताण त्यांच्या वाट्याला शेवटपर्यंत होती.

४ ऑगस्ट १८९७

१८९५ साली ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. या पदावर बसलेले पहिले मुसलमान. दोनच वर्षांत त्यांच्यापुढे एक अर्ज आला, तो लोकमान्य टिळकांचा.

पुण्यात प्लेग होता. रँडचा खून झाला होता, सरकार चिडलेलं होतं. केसरीतल्या लिखाणावरून टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडलं होतं. खाली जामीन नाकारला गेला, हायकोर्टातला पहिला प्रयत्नही फसला होता. शिवाय १८९३ च्या दंगलींनंतर हिंदू-मुसलमानांचे संबंध ताणलेले होते आणि टिळकांच्या लिखाणावर अनेक मुसलमान नाराज होते. सरकारची मर्जी राखायची किंवा जुना राग काढायचा, तर यापेक्षा सोपी संधी नव्हती.

तय्यबजींनी जामीन दिला. त्यांचा विचार सरळ होता. आरोपी खटल्याला हजर राहील की नाही, एवढंच बघायचं. उद्या तो निर्दोष सुटला, तर मधल्या काळात भोगलेला तुरुंग त्याला कोण परत देणार? आणि आत बसून तो बचावाची तयारी तरी कशी करणार?

पुढे न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे खटला चालला. ज्युरीतल्या सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरवलं, तीन हिंदी सभासदांनी निर्दोष. दीड वर्षाची सजा झाली. १८९७ साली टिळकांसाठी जामीन मागणारे वकील होते दिनशा दावर. १९०८ साली टिळकांवर पुन्हा खटला झाला तेव्हा हेच दावर न्यायमूर्ती होते आणि त्यांनी जामीन नाकारला. खुर्चीवर बसल्यावर माणूस कसा वागतो, ते या दोन तारखांतून कळतं.

१९०२ साली तय्यबजींनी हंगामी मुख्य न्यायाधीश म्हणून काम पाहिलं. मुंबईत हा मान मिळवणारे ते पहिले हिंदी न्यायाधीश होते. १९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडनमध्ये हृदयविकाराने त्यांचा इंतकाल झाला. वय अवघं ६१.

आज देशाच्या तुरुंगांत बहुतेक जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. जामिनासाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी घरं आपल्याही मोहल्ल्यांत आहेत. त्यांना ४ ऑगस्टचा तो निकाल जुना वाटणार नाही.

आम्हाला वाटतं, तय्यबजींची आठवण नुसती पुण्यतिथीपुरती राहू नये. आपल्यातली मुलं-मुली वकील व्हावीत, न्यायाधीश व्हावीत. आणि समोर कुणीही उभा असो, अगदी आपल्याला न आवडणारा असो, त्याला इन्साफ देण्याची हिंमत त्यांच्यात यावी. अल्लाह मरहूमची मगफिरत करो. आमीन.