चार रुपयांचा गोलंदाज

द्वारका चौफुलीवरील चहाच्या टपरीपाशी, बसच्या रांगेत किंवा महाविद्यालयाच्या कट्ट्यावर क्रिकेटचा विषय निघाला की एक तक्रार हटकून कानी पडते. खेळात पैसा शिरला, खेळाडू मानधनावरून भांडू लागले, कराराची भाषा बोलू लागले आणि खेळाचा निर्मळपणा गेला, ही ती तक्रार होय. २००२ साली कोलंबोतील स्पर्धेपूर्वी जाहिरातींच्या करारावरून आपले खेळाडू आणि क्रिकेटचे आंतरराष्ट्रीय चालक यांच्यात जुंपली तेव्हा ती ऐकू आली. २००८ पासून खेळाडूंचे लिलाव होऊ लागल्यावर तर ती बारमाही झाली. अमेरिकेत १९९४ च्या ऑगस्टमध्ये व्यावसायिक बेसबॉलपटूंनी संप पुकारला, त्या वर्षीची अजिंक्यपदाची मालिकाच रद्द झाली आणि पुढल्या हंगामात रुसलेल्या प्रेक्षकांनी मैदानाकडे पाठ फिरविली. मालक आणि खेळाडू यांच्या रस्सीखेचीत तिकीट काढणाऱ्याला विचारतो कोण, हे तेथील सामान्य रसिकाचे गाऱ्हाणे होते.

हा राग समजण्याजोगा आहे. खेळाचा सारा डोलारा ज्याच्या पदरच्या पैशावर आणि वेळेवर उभा असतो, त्याला वाटाघाटीच्या बैठकीत जागा नसते. परंतु या तक्रारीच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे, ते तपासून पाहिले पाहिजे. पूर्वी म्हणे खेळ निव्वळ हौसेचा होता. मोबदल्याचा प्रश्नच नव्हता. आपल्या महाराष्ट्रातील पहिल्या थोर गोलंदाजाचे चरित्र या समजुतीच्या विरुद्ध साक्ष देते.

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्कराच्या नोकरीत होते. बालपण पुण्यात गेले. क्रिकेट शिकण्यासाठी कोणी त्यांना मैदानावर पाठविले नव्हते. ते तेथे गेले ते पोटासाठी. पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्लबात खेळपट्टी झाडणे, तिच्यावर रोलर फिरविणे या कामाचे त्यांना महिना ३ रुपये मिळत. पुढे गोऱ्या अधिकाऱ्यांच्या क्लबाने त्यांना ४ रुपयांवर ठेवून घेतले. काम तेच, झाडलोट, जाळी बांधणे, खेळपट्टी आखणे. गोऱ्या साहेबांना सरावासाठी गोलंदाज हवा असे, म्हणून या पोऱ्याच्या हाती चेंडू आला आणि डावखुऱ्या फिरकीचे एक अद्भुत यंत्र हळूहळू घडू लागले. इंग्रज फलंदाजांत कॅप्टन ग्रेग हा नामांकित होता. बाळूंनी त्याला बाद केले की तो दर वेळी ८ आणे देई, अशी कथा सांगितली जाते. ती खरी मानली तर हिशेब सोपा आहे. ग्रेगला आठ वेळा बाद केले की महिन्याच्या पगाराइतकी वरकमाई! तासन्‌तास चेंडू टाकणाऱ्या या मुलाच्या हाती त्या साहेबांनी फलंदाजीच्या सरावासाठी बॅट मात्र कधी दिली नाही. गोलंदाजी हे अंगमेहनतीचे काम, ते नोकराने करावे. फलंदाजी हा साहेबाचा विलास, अशी ती वाटणी होती.

श्रमाचे मोल कौशल्यावरून ठरते असे आपण वर्गात शिकवितो. प्रत्यक्षात ते श्रमिकापुढे दुसरा कोणता मार्ग मोकळा आहे, यावरून ठरते. बाळूंपुढे मार्ग थोडेच होते, आणि जे होते त्यांच्या तोंडाशी जात उभी होती.

पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचे होते. त्यासाठी हा गोलंदाज हवा होता. पण तो अस्पृश्य. बराच खल झाला आणि विजयाची हाव सोवळ्यावर मात करून गेली. मात अपुरी होती. मैदानावर एकच चेंडू साऱ्यांच्या हातांतून फिरे. चहापानाची वेळ झाली की इतर गडी आत जात आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे पानही वेगळे. त्यांच्या बळींवर मिळालेला विजय मात्र सर्वांचा असे.

१८९६ च्या सुमारास ते मुंबईस आले. हिंदू जिमखान्यात प्रवेश मिळताना विरोध झालाच, पण तो टिकला नाही. बी. बी. सी. आय. रेल्वेने त्यांना नोकरी दिली आणि ते रेल्वेच्या संघाकडून खेळू लागले. नोकरी एका नावाची आणि खरी खरेदी दुसऱ्याच कौशल्याची, ही पद्धत आपल्याकडे नंतर किती रुजली हे बँकांत, रेल्वेत आणि गिरण्यांच्या कचेऱ्यांत काम केलेल्या वाचकांस सांगावयास नको. टाइम्स शील्डचे सामने खेळणाऱ्या कित्येकांच्या घरची चूल याच पद्धतीवर पेटली. तिच्यातील लबाडी उघड आहे. परंतु जहागीर नसलेल्या माणसाला क्रिकेट खेळता आले ते तिच्यामुळेच, हेही नाकारता येत नाही.

१९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंनी मुंबईत युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. विजयासाठी २१२ धावा हव्या असताना साहेबांचा डाव १०२ धावांत गडगडला. बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम दोघेही त्या संघात होते. १९११ साली पतियाळाच्या तरुण महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. कर्णधारसाहेबांचे लक्ष मैदानापेक्षा मेजवान्यांकडे अधिक. संघ सपाटून हरला. बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले, तेही दुखऱ्या खांद्याने. येथे हौशी कोण आणि कामकरी कोण, हे निराळे सांगण्याची गरज उरत नाही. परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळच्या मानपत्राशी तरुण भीमराव आंबेडकरांचे नाव जोडले जाते.

एवढे सारे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. त्या पदावर आलेले एम. डी. पै हे सरळ मनाचे गृहस्थ होते; हा मान बाळूंचा होता, असे त्यांनी जाहीरपणे मान्य केले. निवड करणाऱ्यांना ते पटले नाही.

१९२० साली चौरंगी सामने पुण्यात होते. बाळू आता चव्वेचाळीस वर्षांचे. त्यांना वगळण्यात आले. पै आजारी पडले. ज्येष्ठता आणि कर्तृत्व पाहता तिसरे बंधू विठ्ठल यांचा हक्क होता. पण नेतृत्व प्रा. दि. ब. देवधर यांच्याकडे गेले. देवधरांच्या योग्यतेविषयी येथे वाद नाही. वाद नियमाचा होता. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि जातीमुळे डावलले गेल्याचे निवेदन वृत्तपत्रांतून प्रसिद्ध केले. आपल्या क्रिकेटमधील हा पहिल्या संपांपैकी एक म्हणावा लागेल, आणि तो पैशासाठी नव्हता. कामाच्या जागी मान कोणाला, पद कोणाला आणि ते ठरविणार कोण, हे प्रश्न कामगाराच्या प्रत्येक झगड्याच्या मुळाशी असतात. पगाराचा आकडा पुष्कळदा त्यांचेच दुसरे रूप असतो.

प्रेक्षकांनी तेव्हा काय केले, हे पाहण्यासारखे आहे. आवडते खेळाडू मैदानात नाहीत म्हणून त्यांचा हिरमोड झालाच असणार. तरी टीकेचा रोख राहिला तो निवड समितीवर. गर्दी खेचणारे गडी घरी बसले तर तंबूतील खुर्च्या रिकाम्या पडतील, हे जिमखान्याच्या चालकांनाही कळत होते. खेळपट्टी झाडणारा पोऱ्या काम सोडून गेला असता तर दुसऱ्या दिवशी दुसरा मिळाला असता. विठ्ठलसारखा फलंदाज मिळत नव्हता. अंतिम सामन्यासाठी बंधू परतले, बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. पै काही काळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्यापुरते का होईना, बाळूंनी हिंदू संघाचे नेतृत्व केले. १९२३ साली विठ्ठल पूर्ण अधिकाराने कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने युरोपियनांना हरविले. विठ्ठलांनी पुढे मराठीत आत्मचरित्र लिहिले, म्हणून या घराण्याची हकीकत आपल्याला त्यांच्याच बाजूनेही वाचता येते. बाळूंच्या वाट्याला तसे लेखन आले नाही.

खेळ संपल्यावर बाळू राजकारणात ओढले गेले. समजावणीने हिंदू समाजाचे मन पालटेल, या गांधीजींच्या विश्वासाकडे त्यांचा कल होता. येथे नाशकात काळाराम मंदिराच्या दाराशी १९३० पासून पाच वर्षे सत्याग्रह चालला आणि दार उघडले नाही. १९३५ साली येवल्यास आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. बाळूंना ती मानवली नाही. क्रिकेटमध्ये दार थोडेथोडे किलकिले होताना त्यांनी पाहिले होते, हे त्याचे एक कारण असावे. मात्र ते दार मनपरिवर्तनाने जितके उघडले त्याहून अधिक १९२० च्या नकाराने उघडले, असे प्रस्तुत लेखकास वाटते. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत प्रत्यक्ष आंबेडकरांविरुद्ध उभे केले. सुमारे दोन हजार मतांनी ते पडले.

भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ साली झाला, तेव्हा त्यांचे वय छप्पन्न होते. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, दर बळीमागे सरासरी १५ धावा, एवढी त्यांची नोंद आहे. पुण्यातल्या जाळीत ८ आण्यांच्या आशेने टाकलेल्या हजारो चेंडूंची गणती तीत नाही. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.