पाणी जमिनीला की माणसाला? विलासराव साळुंखेंची ‘पाणी पंचायत’ काय होती?

ज्याची जमीन जास्त, त्याला पाणी जास्त. शेतीतला हा रुळलेला हिशेब विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात बदलून दाखवला.

साळुंखे इंजिनीअर आणि पुण्यातले कारखानदार. १९७२च्या दुष्काळात पुरंदरचे शेतकरी पोटासाठी खडी फोडताना त्यांनी पाहिले. खडी फोडून मजुरी मिळत होती, पण पुढच्या दुष्काळाची सोय होत नव्हती. त्यांनी नायगावात देवस्थानची सुमारे ४० एकर उजाड जमीन कराराने घेतली. तिथे बांधबंदिस्ती केली, पाझर तलाव आणि विहीर केली. वाहून जाणारे पाणी अडले, मुरले आणि माळावर पीक उभे राहिले.

पुढचा प्रश्न वाटपाचा होता. त्यासाठी पाणी पंचायतीने नियम केले:

• पाणी माणशी अर्धा एकराला. कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते.
• भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा.
• ऊस आणि इतर बारमाही पिके बंद.
• जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकता येणार नाही.
• योजनेच्या खर्चात सभासदांचा २० टक्के वाटा.

उसावरची बंदी कडक वाटेल. पण एक एकर उसाच्या पाण्यात ज्वारी-बाजरी कित्येक एकर भिजते. शेतात पाणी सोडण्याचे काम गावाने नेमलेल्या पाटकऱ्याकडे असे.

२००२मध्ये साळुंखे यांचे निधन झाले. ठिबकने पाणी वाचते. वाचलेले पाणी कोणाला द्यायचे, याचे उत्तर मात्र त्यांच्या नियमांत सापडते.