पटावरचे नियम लिहिणारा कल्याणीचा राजा

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागले, की उमरगा मागे पडल्यावर कर्नाटकाची हद्द सुरू होते आणि काही वेळातच बसवकल्याणचा फाटा येतो. शंभर-सव्वाशे किलोमीटरचा हा प्रवास. महात्मा बसवेश्वरांमुळे हे गाव सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्यांच्या आधीच्या पिढीत याच कल्याणीच्या सिंहासनावर बसलेल्या एका राजाने बुद्धिबळ, फासे आणि कवड्यांच्या खेळांना आपल्या ग्रंथात राजनीतीच्या बरोबरीने स्थान दिले, याची आठवण क्वचितच निघते. चालुक्यवंशीय सोमेश्वर तिसरा हा तो राजा. इ. स. ११२६ ते ११३८ अशी जेमतेम बारा वर्षे त्याने राज्य केले. आजचा सोलापूर परिसर तेव्हा चालुक्यांच्याच अमलाखाली होता.

सोमेश्वराच्या वाट्याला मोठ्या बापाचा मुलगा होण्याचे भाग्य आणि ओझे दोन्ही आले. वडील विक्रमादित्य सहावा यांनी १०७६ मध्ये सख्ख्या भावाला बाजूला सारून गादी मिळवली, स्वतःच्या नावाने नवा शक सुरू केला आणि पन्नास वर्षे राज्य केले. काश्मीरचा कवी बिल्हण त्यांच्या आश्रयाला होता. हिंदू वारसा कायद्याचा आधार ठरलेली ‘मिताक्षरा’ ही टीका विज्ञानेश्वराने लिहिली, ती त्यांच्याच काळात, याच कल्याणीत. मुलाने वडिलांचे चरित्र लिहायला घेतले. ‘विक्रमांकाभ्युदय’ नावाचा तो ग्रंथ आज अपुराच उपलब्ध आहे. रणांगणावर मात्र त्याला वडिलांची उंची गाठता आली नाही. पूर्वेकडील वेंगीचा प्रदेश हातचा गेला आणि दक्षिणेत होयसळ विष्णुवर्धन डोके वर काढत होता. ‘भूलोकमल्ल’ ही पदवी सोमेश्वराने मिरवली खरी, पण ‘सर्वज्ञ’ हे दुसरे बिरुदच त्याला अधिक शोभते.

गादीवर आल्यानंतर तीन वर्षांच्या आत, शके १०५१ म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ ऊर्फ ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हा संस्कृत ग्रंथ तयार झाला. दरबारातील पंडितांचा हातभार त्यास लागला असणार. पण नाव आणि दृष्टी राजाची. पाच प्रकरणे, प्रत्येकात वीस अध्याय, असे एकूण शंभर अध्याय. राज्य कसे मिळवावे, कसे टिकवावे, येथून आरंभ होतो आणि मग पाकशाळा, वस्त्रे, संगीत, नृत्य, हत्ती, मल्ल, मासेमारी असा प्रपंच उलगडत जातो. इडलीची पूर्वज असलेली ‘इड्डरिका’ येथे भेटते. धान्य कांडताना ओवी गाणाऱ्या महाराष्ट्रातील स्त्रियांचा उल्लेखही येथेच आहे आणि मराठीच्या अभ्यासकांना तो फार मोलाचा वाटतो.

शेवटचे प्रकरण खेळांचे. उद्यानात कृत्रिम डोंगर उभारून खेळायची भूधरक्रीडा, जलक्रीडा, चांदण्यातील खेळ, कोडी घालण्याची प्रहेलिकाक्रीडा, आणि त्यांच्या रांगेत चतुरंग, पाशक म्हणजे फासे व वराटिका म्हणजे कवड्या. पट कसा मांडावा, सोंगट्या कोठे ठेवाव्यात, कोणी कसे चालावे, हे राजा श्लोकांत सांगत जातो.

या निवडीचे महत्त्व समजण्यासाठी त्याच्या आधीची मते पाहावी लागतात. मनुस्मृतीला द्यूत मुळीच मान्य नाही. राजाने ते राज्यातून हद्दपार करावे, असा तिचा दंडक. कौटिल्य व्यवहारी. त्याने द्यूतावर अधिकारी नेमला, खेळण्याची जागा ठरवून दिली आणि जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच कर बसवला. याज्ञवल्क्यानेही देखरेखीखाली खेळाला मुभा दिली. चोर सापडण्यास त्याचा उपयोग होतो, हे त्याचे कारण. ‘मिताक्षरा’ ही याज्ञवल्क्यस्मृतीवरचीच टीका. म्हणजे कल्याणीत खेळाच्या नियमांची चर्चा सोमेश्वराआधीही झाली होती, पण ती पोलिसी नजरेने. सोमेश्वर खेळणाऱ्याच्या बाजूने बोलला. खेळ नीट खेळता यावा म्हणून नियम हवेत, एवढीच त्याची भूमिका दिसते आणि ती त्या काळात साधी नव्हती.

नियम लिहून ठेवण्याची गरजही होती. सोमेश्वराच्या शंभर वर्षे आधी अल्-बिरुनीने हिंदुस्थानात चौघांनी फाशांवर खेळायचे बुद्धिबळ पाहून त्याची नोंद केली होती. दोघांचा डाव निराळा, चौघांचा निराळा. जुन्या पटांवर कोपऱ्याचा मान कोठे रथाला, तर कोठे हत्तीला. हा वाद पुढेही मिटला नाही. देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर चालायचे आणि राजाला एकदा घोड्याची उडी घेता यायची. विलायती पद्धत रुळली तेव्हा जुन्या खेळाडूंना ती सहज पचली नाही. प्यादेमातीचा रुबाब तर मराठी बोलीत अजून टिकून आहे.

नियम किती असावेत, हा प्रश्न आजही टेबलाभोवतीच्या खेळांत तितकाच ताजा आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणला. प्रत्येकाने एकेक पात्र वठवायचे, एकाने कथा आणि न्यायनिवाडा सांभाळायचा. तेव्हापासून खेळणाऱ्यांत दोन तट आहेत. एकाला प्रत्येक प्रसंगासाठी लेखी नियम हवा. दुसऱ्याला पंचाचा विवेक पुरेसा वाटतो. सोमेश्वर पहिल्या तटात बसला असता, याबद्दल शंका वाटत नाही.

त्याच्या ग्रंथाची मर्यादा मात्र नजरेआड करता येत नाही. हे सारे खेळ राजवाड्यातले. सभोवती अंतःपुरातील स्त्रिया, मर्जीतले सरदार आणि मधोमध राजा. राजाचा फासा चुकीचा पडला, हे त्याला सांगणार कोण? मोहरा खोटा चालला, तर हरकत घेणार कोण? कल्याणीच्या पेठेत कवड्या खेळणारी माणसेही या क्रीडांत कोठे भेटत नाहीत.

सोमेश्वर ११३८ मध्ये वारला. राज्य टिकवण्याचे वीस अध्याय त्याच्या मुलांच्या फारसे कामी आले नाहीत. आधी जगदेकमल्ल, मग तैलप गादीवर आला आणि तैलपाच्या काळात मंगळवेढ्याचा कलचुरी सामंत बिज्जल याने कल्याणी बळकावली. ११६२ च्या सुमारास तो उघडपणे सम्राट म्हणवू लागला. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या मांडलिकाने राजाला दिलेली ही मात होती.

ग्रंथ पोथ्यांत तगून राहिला. ‘मिताक्षरा’ इंग्रजांच्या न्यायालयांत पोचली आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापर्यंत वारसाच्या दाव्यांत तिचा मोठा दबदबा राहिला. ‘मानसोल्लास’ला असा वाली नव्हता. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन कृष्ण श्रीगोंदेकर यांनी त्याचे संपादन हाती घेतले. पहिला खंड १९२५ मध्ये निघाला, दुसरा १९३९ मध्ये. खेळांचे प्रकरण असलेला तिसरा खंड छापून यायला १९६१ साल उजाडले.